झाकली मूठ उघडा!

या सदरात आपण घरखर्चाबद्दल पुष्कळ बोलतो. महिन्याचा किराणा कसा भरावा, गॅस कसा वाचवावा, दिवाळीचा खर्च वर्षभर थोडाथोडा बाजूला कसा काढावा. आज मात्र पैसा साठवण्याबद्दल लिहिणार नाही. साठवलेला पैसा एका दुपारी कसा जातो आणि गेल्यावर आपण काय करावं, त्याबद्दल लिहिणार आहे. गोष्ट दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आहे. सांगायला मला बराच काळ लागला. का लागला, तेच आजच्या लेखाचं सार आहे.

२०२३ च्या जानेवारीतली ही हकिगत. संक्रांत तोंडावर आली होती आणि रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. त्याच दिवशी आमच्या भिशीचे पैसेही द्यायचे होते. आम्ही चौदा जणी, प्रत्येकीचे अडीच हजार. सगळ्यांचे पैसे माझ्या खात्यावर जमतात, कारण ‘तू शिकवतेस, तुझा हिशेब चोख’ असं सगळ्यांचं म्हणणं. म्हणजे खात्यात ३६,२०० रुपये होते आणि त्यातले ३५,००० माझे नव्हतेच.

शुक्रवारी दुपारी शाळेतून आले, जेवले, चाचणीच्या वह्या तपासायला घेतल्या आणि फोनवर संदेश आला. ‘मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित अधिकाऱ्यांशी संपर्क साधा.’ खाली एक नंबर. बिल तर मी भरलेलं होतं! पण डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? तिळाचे लाडू, पन्नास बायका आणि अंधार. हे तेव्हा दौऱ्यावर होते. मी तो नंबर लावला.

पलीकडचा माणूस अगदी अदबीनं बोलत होता. ‘मॅडम, तुमचं बिल जमा आहे, फक्त आमच्या कॉम्प्युटरवर चढलेलं नाही. दहा रुपये भरा, की आपोआप चढेल.’ त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली. ती उघडली तर फोनने दोन-तीन परवानग्या मागितल्या. मी न वाचता ‘हो, हो’ करत गेले. मग एक पान उघडलं, त्यावर कार्डाचा नंबर भरला. ‘व्यवहार अयशस्वी’ असं आलं. ‘काही हरकत नाही मॅडम, अर्ध्या तासाने पुन्हा बघा,’ असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दहा मिनिटांत २०,००० गेले. पाठोपाठ १४,५००.

मैत्रिणींनो, मी कुणालाही ओटीपी सांगितला नव्हता. ‘ओटीपी सांगू नये’ हे मी घरात सगळ्यांना बजावत असे! पण त्या फाइलला मी माझे संदेश वाचायची परवानगी दिली होती. ओटीपी मी सांगायची गरजच उरली नव्हती, तो परस्पर पोचत होता. अशा फाइलींच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘एपीके’ अशी अक्षरं असतात. कधी त्या वीजबिलाच्या नावाने येतात, कधी वाहनाच्या दंडाच्या, कधी बँकेच्या केवायसीच्या, तर कधी चक्क लग्नपत्रिकेच्या.

आता पुढचं ऐका. खरी चूक इथून सुरू झाली.

मी कुणालाही सांगितलं नाही. ह्यांना फोन लावला, पण बोलले काय, तर ‘येताना हलव्याचे दागिने आणा.’ सासूबाई शेजारच्या खोलीत वाती वळत होत्या. त्यांनाही सांगितलं नाही. रात्रभर त्या माणसाचा नंबर लावत राहिले, जसा काही तो पैसे परत करणार होता. शनिवार दुसरा, म्हणजे बँक बंद. मी मनातल्या मनात म्हटलं, आता काय, सोमवारीच बघू. कार्ड बंद करावं हेसुद्धा सुचलं नाही. सकाळी अकरा वाजता आणखी १,५०० रुपये गेले. खात्यात राहिले दोनशे.

मग मी माझ्या दोन पाटल्या पदराखाली घेऊन सराफाकडे गेले आणि ३५,००० उचलले. रविवारी हसतमुखाने हळदीकुंकू केलं, भिशीचं पाकीट जिच्या नावाने निघालं होतं तिच्या हातात ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावत होते.

सगळ्या गेल्यावर सासूबाई मला वाण देताना म्हणाल्या, ‘आज सणाला हातात नुसत्या काचेच्या बांगड्या गं?’

तिथे माझा बांध फुटला. मला वाटलं होतं, बोलणी खावी लागतील. त्या एवढंच म्हणाल्या, ‘पैसे गेले ते गेले. पण तीन दिवस एकटी जळत बसलीस, ते का?’ आणि मग म्हणाल्या, ‘टीव्हीवर तो नंबर सांगतात, तो लाव आधी.’

तो नंबर १९३०. रविवारी रात्री नऊ वाजता मी तो लावला आणि पलीकडून कुणीतरी उचलला. सणवार, सुट्टी, बँकेची वेळ यांची इथे अडचण नसते, हे मला तेव्हा कळलं. चोपन्न तास उशिरा कळलं.

माझी तक्रार नोंदवून घेतली गेली. पैसे ज्या खात्यात गेले होते, तिथून ते पुढे दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यात गेले होते आणि बरेचसे एटीएममधून काढूनही झाले होते. एका खात्यात अडकलेले ६,००० रुपये थांबवता आले. कोर्टाच्या आदेशाने ते मला आठ महिन्यांनी परत मिळाले. ३६,००० पैकी ६,०००.

चोर आणि आपली सवय

मी यावर पुष्कळ विचार केला. आपल्या आया-आज्या मोहरीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत पैसे ठेवत. ते लपवणं शहाणपणाचं होतं. त्या पैशावर किती घरं अडीअडचणीला तरली! पण पैसा लपवता लपवता आपल्याला पैशाबद्दलची प्रत्येक गोष्टच लपवायची सवय लागली. नुकसान झालं तरी लपवायचं. ‘हे काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील, एवढी बी.ए. झालेली आणि फसली!’

चोराला आपली ही सवय पक्की ठाऊक असते. त्याचं बोलणं आठवून पाहा. ‘फोन ठेवू नका.’ ‘घरात कुणाला सांगू नका.’ ‘दोन मिनिटांत करा, नाहीतर उशीर होईल.’ ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जो प्रकार निघाला, त्यात तर म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात. समोर गणवेशातला खोटा पोलीस, मागे खोटं कार्यालय, आणि धमकी अशी की कुणाशी बोललात तर अटक. आपल्या देशाच्या कायद्यात फोनवरून अटक करण्याची तरतूदच नाही. खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. त्याला शेजारी बसलेलं माणूस लागतं, म्हणून चोर आधी ते माणूस तोडतो.

तेव्हा एवढी एक खूण लक्षात ठेवा. जो कुणी पैशाच्या बाबतीत ‘घरात सांगू नका’ म्हणेल, तो चोर. त्याच क्षणी फोन ठेवा आणि मोठ्याने घरात सांगा.

माझ्या बाबतीत मी नुसतं सासूबाईंना हाक मारून ‘अहो आई, आज वीज तोडणार म्हणे’ असं म्हटलं असतं, तरी त्या म्हणाल्या असत्या, ‘बिल तर तू परवा भरलंस!’ आणि ही आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. २००३ च्या वीज कायद्यानुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री साडेनऊला’ असं काही नसतंच.

गेले तर काय करायचं?

हे कापून ठेवा, किंवा सरळ वहीत उतरवून घ्या.

१. फोनचं इंटरनेट आधी बंद करा. वाय-फायसुद्धा. चुकून एखादी फाइल घेतली असेल तर तिचा चोराशी असलेला संबंध तुटतो. पुढचे फोन शक्य तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करा.

२. १९३० लावा. खातं कोणत्या बँकेत आहे, किती रक्कम, किती वाजता आणि बँकेच्या संदेशात आलेला व्यवहार क्रमांक, एवढं हाताशी ठेवा. तिथली नोंद होताच ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवलं जातं आणि पैसे अजून तिथे असतील तर ते अडवून ठेवता येतात. लागला नाही तर पुन्हा लावा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

३. लगेच बँकेला कळवा, कार्ड आणि फोनवरचे व्यवहार बंद करायला सांगा. बँकेचा नंबर मात्र पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर पुष्कळदा दुसऱ्या चोराचाच असतो.

बँकेला लवकर कळवण्याला किती महत्त्व आहे, ते ऐका. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, त्रयस्थाने गडबड केली आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य धरायचं. चार ते सात दिवसांत कळवलं तर काही मर्यादेपर्यंत तुमचं. पण पिन किंवा ओटीपी तुमच्याच हातून गेला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणजे शुक्रवारी मी नुसता एक फोन केला असता, तर शनिवारचे ते १,५०० माझे गेले नसते! या नियमांचे तपशील वेळोवेळी बदलतात, तेव्हा पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा आजचा नियम काय, हे विचारून या.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या बाबतीत असंच घडलं. गाडीच्या दंडाची म्हणून फाइल आली आणि ४८,००० रुपये गेले. बाई रडतच शिक्षकांच्या खोलीत आल्या. एकीने त्यांच्या फोनचं इंटरनेट बंद केलं, दुसरीने आपल्या फोनवरून १९३० लावला, तिसरीने बँक. पंधरा-वीस मिनिटांत सगळं झालं. त्यांचे ४१,००० अडवले गेले. दर वेळी इतकं नशीब साथ देईलच असं नाही. पण त्यांच्यात आणि माझ्यात हुशारीचा फरक नव्हता. त्या चारचौघींत रडल्या, मी मोरीत नळ सोडून रडले.

जाऊ नयेत म्हणून

आता थोडी घरची कामं. एका रविवारी दुपारी करून टाका.

पहिलं, फोनला जोडलेलं खातं वेगळं ठेवा. त्यात महिन्याचा भाजी-दूध-किराणा एवढेच पैसे. मोठी पुंजी दुसऱ्या खात्यात, जे फोनला जोडलेलंच नाही. आपण रोजच्या वापराची साखर छोट्या डब्यात काढतो, सगळं पोतं ओट्यावर ठेवत नाही, तसंच हे. मी भिशीसाठी आता असंच एक वेगळं खातं उघडलं आहे.

दुसरं, पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि चौकोनी क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुनं कपाट विकायला काढलंत आणि गिऱ्हाईक म्हणालं, ‘पैसे पाठवतो, पिन टाका,’ तर कपाट घरातच राहू द्या.

तिसरं, आधार कार्डाची झेरॉक्स. आपण ती प्रसादासारखी वाटत सुटतो! जिथे चालत असेल तिथे नंबर झाकलेलं आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून काढता येतं. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर पेनने आडवं लिहा, ‘अमुक कामासाठी’, आणि तारीख घाला. तसंच आधारमधले बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात, त्याला पैसे पडत नाहीत. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खेडोपाडी पैसे काढण्याची सोय आहे. ती चांगल्यासाठी आहे, पण ठशांची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकारही घडले आहेत. गरज लागेल तेव्हा कुलूप उघडता येतं. माहितीसाठी आधारचा नंबर १९४७. स्वातंत्र्याचं साल, म्हणजे विसरायला नको.

चौथं, आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहा. केंद्र सरकारने २०२३ च्या मे महिन्यात ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर आपला नंबर घातला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. अनोळखी असेल तो ‘माझा नाही’ म्हणून कळवता येतो. आणि घरात सगळ्यांच्या फोनला रेंज आहे, फक्त आपलाच फोन तासन्‌तास मुका झाला, तर दुर्लक्ष करू नका. आपल्या नावाचं दुसरं सिम कुणी काढलं असण्याचा संभव असतो. फोन कंपनी आणि बँक दोघांकडे चौकशी करा.

पाचवं, आपल्या नावावर कुणी कर्ज तर काढलं नाही ना? ‘मी कशाला कर्ज काढतेय,’ असं म्हणू नका. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्याकडे आहेत. सिबिल हे त्यातलं ओळखीचं नाव. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मी दर पाडव्याला एक काढते आणि ह्यांचाही काढायला लावते.

आणि घरातला एक नियम

हे सगळं केलं तरी एखादे दिवशी एखादी फसेल. कधी आपण, कधी कॉलेजातला मुलगा, कधी सासरे. घाईत, काळजीत, अर्धवट झोपेत कुणाचंही बोट चुकीच्या जागी पडतं. म्हणून आमच्या घरात त्या संक्रांतीपासून एक नियम आहे आणि तो सासूबाईंनी घातलेला आहे. पैसे गेले असं कुणी सांगितलं, की पहिल्या दिवशी कुणीही ओरडायचं नाही. ‘तुला इतकंही कळत नाही?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. आधी फोन लावायचे. ओरडायचं असेल त्याने दुसऱ्या दिवशी ओरडावं. खरं सांगते, दुसऱ्या दिवशी कुणाला तेवढा राग उरत नाही.

ह्यांना मी त्या रात्री सगळं सांगितलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, ‘शुक्रवारी हलव्याचे दागिने सांगितलेस, तेव्हा आवाज निराळा लागला होता. मीच विचारायला हवं होतं.’ पाटल्या सोडवायला आम्हाला अकरा महिने लागले. भिशीतल्या मैत्रिणींनाही मी पुढच्या महिन्यात सांगून टाकलं. तेव्हा कळलं, चौदातल्या तिघी आधीच कधी ना कधी फसल्या होत्या आणि तिघीही गप्प होत्या. पहिलीने तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर कदाचित मी सावध असते.

तेव्हा आज जेवणं झाली की एक काम करा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत १९३०, बँकेचा नंबर आणि हा नियम लिहा आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, तो वाचून दाखवा. आणि तुमच्याही मनात असं काही दडलेलं असेल, तर आज रात्री ते कुणाला तरी सांगा. मलाही पत्राने कळवा. तुमचं नाव-गाव न छापता तो अनुभव इतर मैत्रिणींपर्यंत पोचवीन.

पुढच्या आठवड्यात आपण उन्हाळी वाळवणांचा हिशेब मांडू. तोवर, फोनवर कुणी घाई केली, तर आधी घरात हाक मारा!